अपग्रेड झालं आणि नेट गेलं: राऊटरला टाचणी टोचण्याआधी

चवथीला आठ दिवस असताना मामीचा फोन आला. लॅपटॉपवर रात्रभर नवीन विंडोज बसत होतं, सकाळी उघडून बघते तर नेट नाही, आणि आरत्यांचे कागद छापायचे राहिलेत. मी फोंड्याहून निघून तिच्या घरी पोचेपर्यंत तिच्या धाकट्याने स्वतःच इलाज केला होता. टाचणी घेऊन राऊटरच्या मागचं बारीक भोक दहा सेकंद दाबून धरलं. सकाळी फक्त लॅपटॉपचं नेट गेलं होतं, दुपारपर्यंत अख्ख्या घराचं गेलं.

म्हणून आधी हेच सांगतो. त्या भोकातलं बटण म्हणजे रीस्टार्ट नव्हे, रीसेट. ते दाबलं की राऊटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो. तुमच्या वाय-फायचं नाव आणि पासवर्ड पुसला जातो, हे एक वेळ चालेल, ते पुन्हा घालता येतं. पण बऱ्याच फायबर जोडण्यांत राऊटरच्या पोटात इंटरनेट कंपनीने दिलेलं एक वेगळं युजरनेम आणि पासवर्ड असतो, तो वापरून नेट जोडण्याच्या पद्धतीला पीपीपीओई म्हणतात. कुठे कुठे व्हीलॅनचा, म्हणजे कंपनीच्या जाळ्यातल्या तुमच्या वाटेचा, नंबरही असतो. तेही पुसलं जातं. ते तुम्हाला कधी कोणी सांगितलेलं नसतं, आणि सणाच्या आठवड्यात ते परत भरायला माणूस यायला दोन दिवस लागतात. काही कंपन्यांची पेटी ही माहिती लाईनवरून आपोआप परत भरून घेते, सगळ्यांची नाही. तुमची कुठल्या जातीची, हे बटण दाबून शोधू नका.

ऑपरेटिंग सिस्टीम बदलल्यानंतर लगेच नेट गेलं असेल तर दोष बहुतेक वेळा राऊटरचा नसतो. राऊटर काल होता तसाच आहे, बदललाय तो कॉम्प्युटर. पण हे गृहीत धरायचं नाही, तपासायचं.

फोन काय सांगतो

घरातला एक फोन घ्या आणि त्याचा मोबाईल डेटा बंद करा. हे विसरलात तर पुढची सगळी तपासणी वाया जाईल, कारण वाय-फायवर नेट नसलं की फोन गुपचूप सिमवरून चालायला लागतो आणि आपण म्हणतो, ‘फोनवर तर चालतंय!’ डेटा बंद करून त्याच वाय-फायवर एखादं पान उघडा, तेही आधी कधी न उघडलेलं.

पान उघडलं तर लाईन ठीक, राऊटर ठीक. लॅपटॉपकडे वळा.

नाही उघडलं, तर अपग्रेड हा निव्वळ योगायोग असू शकतो. फायबर जिथे येते त्या पेटीवरचे दिवे बघा. पॉन लिहिलेला दिवा स्थिर हिरवा हवा. लॉस लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल तर पेटीपर्यंत प्रकाशच पोचत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे त्याचं कारण बहुधा माडाची झावळ किंवा आंब्याची फांदी असते, फायबर विजेच्या खांबांवरूनच ओढलेली. अशा वेळी सेटिंग्ज उघडायच्याच नाहीत. तक्रार नोंदवायची, ‘लॉसचा दिवा लाल आहे’ हे नेमके शब्द सांगायचे आणि चहा घ्यायचा. हे शब्द ऐकले की समोरचा माणूस ‘राऊटर बंद-चालू करून बघा’ हे पालुपद सोडतो.

जाता जाता, कडकडाट सुरू झाला की पेटीचा अडॅप्टर सॉकेटमधून काढून ठेवा. काचेच्या तंतूतून वीज येत नाही. ती येते सॉकेटमधून, नाहीतर तांब्याच्या लॅन केबलमधून. माझं एक लॅन पोर्ट तसंच गेलंय.

‘शट डाऊन’ म्हणजे पूर्ण बंद नव्हे

आता रीस्टार्ट, पण क्रमाने. फायबरची पेटी आणि राऊटर वेगळे असतील तर दोन्ही बंद करा, अर्धा मिनिट थांबा. आधी पेटी चालू करा, दिवे स्थिर व्हायला दोन-तीन मिनिटं द्या, मग राऊटर, शेवटी कॉम्प्युटर.

कॉम्प्युटरच्या बाबतीत एक मेख आहे. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ‘शट डाऊन’ केल्यावर प्रणालीचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा साठवला जातो आणि चालू करताना तोच परत येतो. बिघडलेला ड्रायव्हर, म्हणजे वाय-फायच्या चिपसारखा भाग चालवणारा प्रोग्रॅम, तोही बिघडलेल्या अवस्थेत परत येतो. ‘रीस्टार्ट’ मात्र सगळं नव्याने उभं करतं. म्हणून ‘मी तीनदा बंद करून चालू केलं’ असं कोणी म्हणालं तर मी विचारतो, रीस्टार्ट केलंस की शट डाऊन?

यानेही झालं नाही तर लॅन केबल घ्या आणि लॅपटॉप थेट राऊटरला जोडा. केबलने नेट आलं, तर भानगड फक्त वाय-फायची. केबलनेही नाही आलं, तर वाय-फायच्या पासवर्डशी झटापट करण्यात अर्थ नाही, दोष आत कुठेतरी आहे. हल्लीच्या बारीक लॅपटॉपांना केबलचं छिद्रच नसतं. त्यांच्यासाठी अँड्रॉइड फोन यूएसबी वायरने जोडून सेटिंग्जमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. फोनचं नेट लॅपटॉपला मिळतं, वाय-फायचा ड्रायव्हर नसला तरी. ड्रायव्हर उतरवायला नेट हवं आणि नेटला ड्रायव्हर हवा, हा गुंता त्याने सुटतो.

यापुढे काय करायचं ते तुमच्या स्क्रीनवर नेमकं काय दिसतं त्यावर अवलंबून आहे.

वाय-फायची खूणच दिसत नाही

हा ड्रायव्हरचा प्रश्न. स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा, ‘नेटवर्क अडॅप्टर्स’ पसरवा. पिवळा त्रिकोण दिसला, किंवा वाय-फायचं नावच नसलं, तर नवीन विंडोजला जुनी चिप झेपत नाही. अडॅप्टरवर दोनदा क्लिक करून ‘ड्रायव्हर’ पानावर जा. ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबता येत असेल तर आधी तेच दाबा. नसेल तर ‘अनइन्स्टॉल’ करा आणि रीस्टार्ट करा, विंडोज पुष्कळदा स्वतःच नीट बसवून घेतं. तरीही नाही तर लॅपटॉपच्या मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर घेऊन बनवणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून ड्रायव्हर उतरवा. ‘तुमचे सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ असं म्हणणाऱ्या प्रोग्रॅमांपासून लांब राहा. त्यांनी बिघडवलेले लॅपटॉप दुरुस्त करण्यात माझे बरेच रविवार गेलेत.

बाजारात स्वस्तात मिळणारा यूएसबीचा छोटा वाय-फाय डोंगल असेल तर डबीवरच्या नावावर जाऊ नका, आतली चिप दुसऱ्याचीच असते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘डिटेल्स’ पानावर ‘हार्डवेअर आयडी’ निवडलं की चिपचा खरा नंबर दिसतो, शोध त्याने घ्यायचा.

उबुंटू ही लिनक्स प्रणाली वापरणाऱ्यांनाही हे चुकत नाही. कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, बदलला आणि ब्रॉडकॉमसारख्या चिपचा वेगळा बसवलेला ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधला गेला नाही, तर वाय-फाय गायब. टेदरिंग लावा आणि ‘अॅडिशनल ड्रायव्हर्स’ उघडा. घाई असेल तर चालू होताना ग्रबच्या, म्हणजे प्रणाली सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या, यादीतून जुना कर्नल निवडून त्या दिवसापुरतं भागवा.

नाव दिसतं, पण जोडलं जात नाही

पहिला उपाय साधा आहे, ‘फर्गेट’ करा आणि पासवर्ड नव्याने टाका. अपग्रेडमध्ये साठवलेली जोडणी अर्धवट उतरली असेल तर इथेच काम होतं.

नाही झालं तर राऊटरचं पान उघडावं लागेल. पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. खात्री करायची तर चालणाऱ्या फोनच्या वाय-फाय तपशिलात ‘गेटवे’ बघा. लॉगिनचं नाव आणि पासवर्ड राऊटरखालच्या स्टिकरवर असतो. इथे नवा ब्राउझर आडवा येतो. तो प्रत्येक पत्ता सुरक्षित जोडणीनेच उघडायला जातो आणि जुना राऊटर त्याला जुमानत नाही. पत्त्याआधी एचटीटीपी, त्यात शेवटचा एस नाही, मग कोलन आणि दोन तिरक्या रेघा, असं पूर्ण टाइप करा. पत्ता तुमच्याच घरातल्या पेटीचा आहे हे ठाऊक असेल तर ‘असुरक्षित’ हा इशारा ओलांडून जायला हरकत नाही.

आत वायरलेस सिक्युरिटीमध्ये, म्हणजे वाय-फायच्या कुलपाच्या प्रकारात, काय लिहिलंय ते बघा. फक्त डब्ल्यूपीए३ असेल तर जुनी वाय-फाय चिप अडते. डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपी असेल तर नव्या प्रणाली तोंड वाकडं करतात, आणि ते बरोबरच आहे. डब्ल्यूपीए२ आणि एईएस ही जोडी घरात जवळजवळ सगळ्यांना चालते. बदल केला की घरातल्या इतर उपकरणांनाही एकदा पुन्हा जोडावं लागू शकतं, ते आधीच सांगून ठेवा, नाहीतर टीव्हीवाला खोलीतून ओरडत येतो.

त्याच पानावर चॅनेलही बघून घ्या. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झमध्ये १ ते १३ चॅनेल चालतात, पण अमेरिकेच्या नियमाने चालणारा ड्रायव्हर ११ पर्यंतच बघतो. राऊटर आपणहून १२ किंवा १३ वर जाऊन बसला की फोनला तो दिसतो आणि लॅपटॉपला दिसत नाही, भूतबाधा झाल्यासारखं. ‘ऑटो’ काढून १, ६ किंवा ११ यांपैकी एक ठेवा.

दोन्ही पट्ट्यांना, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झना, एकच नाव असेल तर तपासणीपुरती दोन वेगळी नावं द्या. आपल्याकडच्या जुन्या घरांच्या चिऱ्यांच्या भिंती दीड-दीड फूट जाड असतात. ५ ची लहर वसरीतून देवघरापर्यंत जाईतो दमते, मागच्या पडवीपर्यंत पोचतच नाही. नवा ड्रायव्हर हट्टाने ५ धरून बसला तर जुन्या ठिकाणी नेट तुटायला लागतं आणि खापर अपग्रेडवर फुटतं. लांबच्या खोलीतल्या लॅपटॉपला २.४ वर ठेवा.

आणि मॅक फिल्टर, म्हणजे उपकरणांच्या पत्त्यांवरून आत घेणारी यादी (हा मॅक म्हणजे अॅपलचा कॉम्प्युटर नव्हे). कोणीतरी कधीकाळी शेजाऱ्यांना रोखायला राऊटरमध्ये ‘फक्त हीच उपकरणं’ अशी यादी केलेली असते. फोन आणि अॅपलचे मॅक कॉम्प्युटर हल्ली आपला खरा पत्ता लपवून बनावट पत्ता दाखवतात. आयफोनमध्ये हे २०२० च्या आयओएस १४ पासून आहे, मॅकवर २०२४ च्या सिक्वोयापासून आलं. अपग्रेड झालं, पत्ता बदलला, यादीत नाव नाही, दार बंद. घरच्या वाय-फायपुरता ‘प्रायव्हेट वाय-फाय अॅड्रेस’ बंद करा. खरं तर ती यादीच काढून टाका आणि पासवर्ड लांबलचक ठेवा. पाहऱ्यासाठी तो पुरे.

‘कनेक्टेड, नो इंटरनेट’

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते इथे. मामीचा लॅपटॉपही इथेच होता.

सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, त्यात वाय-फाय, आणि जोडलेल्या जोडणीचे गुणधर्म उघडा. आयपीव्ही४ पत्ता वाचा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राऊटरने लॅपटॉपला पत्ता दिलेलाच नाही, लॅपटॉपने स्वतःच्या मनाने एक घेतलाय. १९२.१६८ किंवा १० ने सुरू होत असेल तर बहुधा पत्ता मिळालाय, अडचण त्यापुढे आहे.

पत्ता मिळालेला नसेल तर ‘आयपी असाइनमेंट’ समोर ‘ऑटोमॅटिक’ आहे ना ते बघा. पूर्वी कोणी सीसीटीव्हीसाठी हाताने आकडे घातले असतील आणि नंतर राऊटर बदलला असेल तर ते आता जुळत नाहीत.

मग अँटीव्हायरस. मामीच्या लॅपटॉपसोबत तीन वर्षांपूर्वी एक फुकट अँटीव्हायरस आला होता. त्याची मुदत कधीच संपली होती, पण त्याची फायरवॉल नेटच्या वाटेवर ठाण मांडून होती. नवीन विंडोजमध्ये ती ना धड चालू, ना धड बंद. तीच गोष्ट ऑफिसने घातलेल्या जुन्या व्हीपीएनची, म्हणजे ऑफिसच्या जाळ्याशी जोडणाऱ्या प्रोग्रॅमची. ‘अॅप्स’मधून ते पूर्ण काढा आणि रीस्टार्ट करा, विंडोजचं स्वतःचं डिफेंडर त्याची जागा आपोआप घेतं. अशा प्रोग्रॅमांचे अवशेष साध्या अनइन्स्टॉलने जात नाहीत, म्हणून बहुतेक अँटीव्हायरस कंपन्या काढून टाकायचं वेगळं साधन देतात. ते टेदरिंगवरून उतरवलं, चालवलं, आणि लॅपटॉप उठता उठता त्याला १९२.१६८ चा पत्ता मिळाला. सकाळपासूनची रड पंधरा मिनिटांत संपली. पण त्या दुपारी राऊटर कोराच होता, त्यामुळे नेट यायला कंपनीच्या माणसाची वाट बघावीच लागली.

पत्ता आहे पण पानं उघडत नाहीत, असं असेल तर ब्राउझरमध्ये १.१.१.१ असे आकडे टाकून बघा. ते पान उघडलं आणि नावाने टाकलेलं काहीच उघडलं नाही तर दोष डीएनएसचा, म्हणजे नावावरून आकडा शोधणाऱ्या वहीचा. ‘डीएनएस सर्व्हर असाइनमेंट’मध्ये १.१.१.१ आणि ८.८.८.८ घाला. अँड्रॉइड फोनवर अपग्रेडनंतर असं झालं तर ‘प्रायव्हेट डीएनएस’ बघा, तिथे एखाद्या जाहिरात अडवणाऱ्या सेवेचं नाव पडून असतं आणि ती सेवा बंद पडलेली असते.

‘प्रॉक्सी’चं पानही एकदा उघडा, हाताने घातलेली प्रॉक्सी, म्हणजे नेटच्या वाटेवरचा मध्यस्थ, बंद हवी. घड्याळ बघा. तारीख चुकली की सुरक्षित पानं उघडत नाहीत, आणि वीज वारंवार जाणाऱ्या घरात जुन्या डेस्कटॉपची आतली बॅटरी संपली की तारीख मागे जातेच.

हे सगळं करून थकलात तर ‘अॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज’मध्ये तळाशी ‘नेटवर्क रीसेट’ आहे. हा रीसेट कॉम्प्युटरचा, तो करायला हरकत नाही. साठवलेले वाय-फाय पासवर्ड आणि व्हीपीएन मात्र जातील, आधी लिहून घ्या.

नेट आलं, प्रिंटर रुसला

तिसऱ्या दिवशी नेट आलं आणि मामी म्हणाली, “आता आरत्या?” प्रिंटर ‘ऑफलाइन’. अपग्रेडनंतर विंडोजने घरच्या वाय-फायला ‘पब्लिक’ मानलं होतं, म्हणजे हॉटेलातल्या वाय-फायसारखं, कोणाशी बोलायचं नाही. वाय-फायच्या गुणधर्मात ‘प्रायव्हेट नेटवर्क’ निवडलं आणि प्रिंटर खडखडायला लागला. मॅकवर सिक्वोयापासून प्रत्येक अॅप स्थानिक नेटवर्कसाठी परवानगी विचारतं. घाईत ‘नाही’ दाबलं असेल तर ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मधल्या ‘लोकल नेटवर्क’मध्ये जाऊन ती द्या.

राऊटरला मागे हार्डडिस्क लावून त्यावर लग्नाचे फोटो ठेवणाऱ्यांसाठी वेगळी गंमत आहे. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती, प्रो असेल तर, पासवर्डशिवाय उघडणाऱ्या फोल्डरला हातच लावत नाही आणि वर सांगते की तुमच्या संस्थेच्या धोरणामुळे हे रोखलंय. घरात कसली संस्था आणि कसलं धोरण! उपाय राऊटरच्या यूएसबी पानावर आहे. तिथे पाहुण्यांचा प्रवेश बंद करून युजरनेम आणि पासवर्ड घाला, आणि लॅपटॉपवर तोच द्या. राऊटर इतका जुना असेल की त्याला फक्त एसएमबी१, म्हणजे फायली वाटून घ्यायची जुनी पद्धत, येतं, तर डिस्क काढून थेट लॅपटॉपला लावा. इंटरनेटवर ‘एसएमबी१ चालू करा’ असा सल्ला मिळेल, तो घेऊ नका. २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस त्याच दारातून शिरला होता.

मागे फिरायचं का

विंडोज अपग्रेडनंतर दहा दिवस ‘सिस्टीम’, ‘रिकव्हरी’मध्ये ‘गो बॅक’ असतं. परीक्षेचा किंवा कामाचा खोळंबा असेल तर जरूर वापरा, आधी फायलींची प्रत काढून. पण विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, त्यामुळे ही सोय वेळ काढण्यापुरती आहे.

राऊटरच्या फर्मवेअरचं, म्हणजे त्याच्या आतल्या प्रणालीचं, अपडेट मी मुद्दाम शेवटी ठेवलंय. वरच्या कशानेच काम झालं नाही तरच करा, आधी सेटिंग्जचा बॅकअप फायलीत उतरवून, आणि राऊटर इन्व्हर्टरवर असेल तेव्हाच. अपडेट अर्धवट असताना वीज गेली तर राऊटरची वीट होऊ शकते, म्हणजे तो कायमचा निकामी.

कंपनीचा माणूस राऊटर भरायला आला तेव्हा मी त्याच्याकडून पीपीपीओईचं युजरनेम आणि पासवर्ड लिहून मागितला. आधी तो कां-कूं करत होता, मामीने नेवऱ्या पुढे केल्यावर दिला. मामीने तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर, पावसाच्या महिन्याच्या पानामागे लिहिला. डिसेंबर संपायच्या आत दुसरीकडे उतरवून घे, असं तिला दारातून दोनदा सांगून मी निघालो.